विश्वचषक फुटबॉल आणि भारतातील पाठीराखे

आपल्या देशाचा संघ स्पर्धेत नसताना दुसऱ्या एखाद्या देशाला आपला मानायचे, महिनाभर त्याच्या हारजितीत स्वतःला झोकून द्यायचे आणि चार वर्षांनी पुन्हा त्याच्याच बाजूने उभे राहायचे, अशी प्रथा फुटबॉलच्या विश्वचषकाभोवती भारतात रुजली आहे. तिची ठाणी ठरलेली आहेत : कोलकाता, केरळचा मलबार भाग, गोवा आणि कोल्हापूर. ब्राझील आणि अर्जेंटिना हे तिचे दोन मोठे पक्ष. पोर्तुगाल, जर्मनी, इंग्लंड, फ्रान्स यांचेही पाठीराखे आहेत, पण गल्ली उभी दुभंगते ती पिवळ्या आणि निळ्या-पांढऱ्या रंगांतच.

या प्रथेला ‘परक्यांचे वेड’ म्हणून हिणवले जाते. प्रत्यक्षात ती उगवली आहे अगदी स्थानिक मातीतून. जिथे गल्लीगल्लीचा, पेठेपेठेचा फुटबॉल आधीपासून जिवंत होता, तिथेच ती फोफावली. क्रिकेटच्या शहरांत विश्वचषक आवडीने पाहिला जातो, पण त्यावरून शेजारी एकमेकांशी अबोला धरत नाहीत.

भारत आजवर पुरुषांच्या विश्वचषकाची मुख्य स्पर्धा खेळलेला नाही. १९५० मध्ये पात्रता गटातील इतर देशांनी माघार घेतल्याने ब्राझीलला जाण्याची वाट मोकळी झाली होती, तरी संघ गेला नाही. अनवाणी खेळायला बंदी असल्यामुळे तो गेला नाही, ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी मात्र पुढे सांगितले, की संघटनेला तेव्हा ऑलिंपिक मोठे वाटत होते, विश्वचषकाचे महत्त्व कोणाला उमगलेच नव्हते. १९५१ आणि १९६२ चे आशियाई सुवर्ण आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथा क्रमांक असा तो सोन्याचा काळ. तो सरला, पण फुटबॉल पाहायला आणि समजायला शिकलेला प्रेक्षक मागे उरला. विश्वचषकात त्याला कोणाची तरी बाजू घ्यायची होती.

ब्राझील आधी, अर्जेंटिना नंतर

ब्राझीलची ओढ जुनी. १९५८, १९६२ आणि १९७० ची विजेतेपदे इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती. वर्तमानपत्रांतून वाचली होती, मासिकांतल्या छायाचित्रांत न्याहाळली होती. गोऱ्या युरोपला हरवणारा, रंगाने आपल्यासारखा भासणारा संघ म्हणून त्याचे आकर्षण होते. २४ सप्टेंबर १९७७ रोजी न्यूयॉर्क कॉसमॉस या अमेरिकी क्लबकडून ब्राझीलचा पेले कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध उतरला. मैदान पावसाने भिजलेले होते आणि सामना २-२ असा सुटला. मोहन बागानच्या मोहम्मद हबीब आणि श्याम थापा यांच्या गोलांची उजळणी कोलकात्यात आजही होते.

अर्जेंटिनाचा पक्ष उभा केला तो एका माणसाने आणि दूरचित्रवाणीने. १९८६ चा मेक्सिको विश्वचषक दूरदर्शनने घरोघरी थेट पोचवला. तिकडे दुपारी बाराला सुरू होणारे सामने इकडे रात्री साडेअकराला लागत. २२ जूनच्या रात्री अर्जेंटिना-इंग्लंड उपांत्यपूर्व सामन्यात मॅराडोनाने ५१ व्या मिनिटाला हाताने आणि ५५ व्या मिनिटाला अर्ध्या मैदानातून पाच-सहा जणांना चकवत गोल केला. चार वर्षांपूर्वीच फॉकलंड बेटांवरून या दोन देशांत युद्ध झाले होते. भारतातल्या प्रेक्षकाला त्या बेटांशी देणेघेणे नव्हते, पण समोर इंग्लंड हरत होते, हे त्याला पुरेसे होते. पहिला गोल लबाडीचा होता हे मान्य करूनही त्याने मॅराडोनाला जवळ केले. त्या एका रात्रीत कित्येक ब्राझीलवाल्या घरांत फूट पडली : वडील पेलेचे राहिले आणि मुले मॅराडोनाची झाली.

पुढे याच वाटेने मेस्सी आला. २ सप्टेंबर २०११ रोजी तो कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर व्हेनेझुएलाविरुद्ध अर्जेंटिनाचे नेतृत्व करताना दिसला. ओटामेंडीने डोक्याने मारलेल्या एकमेव गोलाने अर्जेंटिना जिंकली.

केरळ, कोल्हापूर, गोवा

मलबारमध्ये सात-सात खेळाडूंच्या ‘सेव्हन्स’ स्पर्धांनी मैदाने वर्षानुवर्षे भरलेली आहेत. तिथले पाठीराखे आपली निष्ठा उंचीत मोजतात. २०२२ मध्ये कोझिकोडजवळच्या पुल्लावूर गावी अर्जेंटिनावाल्यांनी नदीपात्रात मेस्सीचा ३० फुटी कटआउट उभारला. ब्राझीलवाल्यांनी शेजारी नेमारचा ४० फुटी आणून ठेवला. मग पोर्तुगालवाल्यांनी रोनाल्डो त्याहून उंच केला. प्रवाहाला अडथळा होतो म्हणून तक्रार झाली, तेव्हा तिन्ही पक्ष एका सुरात कटआउटच्या बाजूने बोलले. जागतिक फुटबॉल संघटना फिफानेही ते छायाचित्र जगाला दाखवले. त्याच वर्षी कोचीजवळच्या मुंडक्कामुगल येथे १७ जणांनी २३ लाख रुपये जमवून चक्क एक घर विकत घेतले, एकत्र बसून सामने पाहायचे म्हणून. ते सतरा जण एकाच संघाचे नव्हते, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी बाब.

कोल्हापूरची गोष्ट मराठी वाचकाला जवळची. संस्थानकाळापासून इथे कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ पोसले. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे पेठेतल्या लहान पोराला आडनावासारखी पाठ असतात. शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असला, की उन्हाचा चटका सोसत गॅलरी खच्चून भरते, हलगी कडाडते, बंदोबस्त वाढवावा लागतो. हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याचेही प्रसंग आहेत आणि त्यांचे समर्थन करता येत नाही. पण खेळातली ईर्ष्या कशाशी खातात हे इथल्या प्रेक्षकाला शिकवावे लागत नाही.

विश्वचषक लागला की हीच ईर्ष्या नवे रंग चढवते. चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे डिजिटल फलक लागतात. त्यांच्या खालच्या कडेला मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोटो ओळीने असतात, गणेशोत्सवात असतात तसेच. तालमीसमोर दोन खांबांना पांढरा पडदा ताणतात, प्रोजेक्टर कोणाच्या तरी दुकानातून येतो, वीज शेजारच्या घरातून. पडद्यापुढे सतरंज्या पोरांच्या, मागे खुर्च्या जाणत्यांच्या. जाणत्यांपैकी बरेचजण ब्राझीलचे. पेलेबद्दल वाडवडिलांकडून ऐकलेले आणि रोनाल्डिन्होला स्वतः पाहिलेले. पोरे मेस्सीची किंवा रोनाल्डोची. हरणाऱ्याने तांबडा-पांढरा द्यायचा अशा पैजा लागतात. ज्यांनी शनिवारी एकमेकांच्या तालमीविरुद्ध घसा फोडलेला असतो, ते रविवारी एकाच निळ्या-पांढऱ्या शर्टात शेजारी बसतात. पेठेने वाटलेली माणसे विश्वचषक नव्या पद्धतीने जुळवतो.

१८ डिसेंबर २०२२ रोजी रविवार होता. जिल्ह्यातल्या अनेक गावांत त्याच दिवशी ग्रामपंचायतीचे मतदान उरकले आणि रात्री साडेआठला कतारमधल्या लुसैल मैदानावर अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना सुरू झाला. ८० व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेने पहिला गोल केला आणि लगेच दुसरा. अर्जेंटिनाची २-० ची आघाडी २-२ झाली. जादा वेळेत मेस्सीने पुन्हा पुढे नेले, एम्बापेने पुन्हा बरोबरी साधली. पेनल्टींवर ४-२ असा निकाल लागला तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती आणि कोल्हापुरात फटाके वाजू लागले. अर्जेंटिनाच्या त्या विजयाचा गुलाल पंचगंगेच्या काठी उधळला गेला. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला होता.

गोव्यात निष्ठेला इतिहासाचे ओझे आहे. पोर्तुगीज राजवट १९६१ मध्ये संपली, पण खेळ, चर्चच्या अंगणातली मैदाने आणि पोर्तुगीज बोलणारी आधीची पिढी राहिली. तिथे पोर्तुगालला पाठिंबा देणारे अनेक आहेत आणि तितकेच ठाम ब्राझीलवाले. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला रोनाल्डोचा पितळी पुतळा बसवला तेव्हा काळे झेंडे दाखवले गेले : मुक्तीच्या साठाव्या वर्षी पोर्तुगीज खेळाडू कशाला, आपल्या मातीतले फुटबॉलपटू ब्रह्मानंद शंखवाळकर किंवा ब्रुनो कुतिन्हो का नाहीत? हा प्रश्न रास्त होता. रोनाल्डोवर प्रेम करणाऱ्या पोरांचेही त्यात काही चुकले नव्हते, कारण त्यांनी त्याच्यात राज्यकर्ता पाहिला नव्हता, मेहनती खेळाडू पाहिला होता.

मतांचे वळण

पाठीराख्याची मते त्याच्या संघापुरती नसतात. प्रतिस्पर्ध्याचा प्रतिस्पर्धी तो आपला, हा नियम इथे काटेकोर पाळला जातो. ९ डिसेंबर २०२२ ची रात्र त्याचा उत्तम नमुना. साडेआठला ब्राझील-क्रोएशिया सामना सुरू झाला. जादा वेळेत नेमारने गोल केला, तेव्हा ब्राझीलवाले उठून नाचले. ११७ व्या मिनिटाला पेटकोविचने बरोबरी केली आणि पेनल्टींवर ब्राझील ४-२ ने बाहेर गेले. तासाभरातच, साडेबाराला, अर्जेंटिना नेदरलँड्सविरुद्ध उतरली आणि ब्राझीलचे पाठीराखे एका क्षणात डच झाले. अर्जेंटिना २-० पुढे असताना ते गप्प होते. भरपाईच्या अकराव्या मिनिटाला वेखॉर्स्टने २-२ केले, तेव्हा त्यांनी जो आवाज काढला तो ब्राझीलसाठीही काढला नसेल. अखेर अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझने दोन पेनल्टी अडवल्या आणि अर्जेंटिना पुढे गेली.

ही मते आकड्यांवर लढवली जातात. अर्जेंटिनावाला म्हणणार, २०१४ मध्ये जर्मनीकडून १-७ हरलात ते विसरलात का? ब्राझीलवाला म्हणणार, पाच विजेतेपदे आणि तीन यांतला फरक मोजा, शिवाय सौदी अरेबियाकडून हरलात ते आठवा. २२ नोव्हेंबर २०२२ ला अर्जेंटिना १-२ हरली, तेव्हा इथे दुपारचे साडेपाच वाजले होते आणि संध्याकाळभर निळे शर्ट घालून रस्त्यावर यायची सोय उरली नव्हती. पण संघ बदलणाऱ्याला मात्र दोन्ही बाजूंत मान नाही. हरला म्हणून सोडला, असा माणूस पाठीराखा गणला जात नाही.

या प्रथेवरचा गंभीर आक्षेप घरचाच आहे. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारत-चायनीज तैपेई सामन्याला अधिकृत आकड्यानुसार २,५६९ प्रेक्षक होते. युरोपातल्या संघांवर जीव टाकणाऱ्यांना कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीतून हात जोडून विनवले : शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याची सगळी तिकिटे विकली गेली, धो धो पावसात भारत ३-० जिंकला आणि दोन गोल छेत्रीचे होते. आक्षेप खरा आहे, पण दोष अर्जेंटिनाच्या शर्टाचा नाही. कोलकाता, कोल्हापूर आणि मलबार येथे सर्वाधिक परके झेंडे लागतात आणि स्थानिक सामन्यांनाही तिथेच गर्दी असते.

दुसरा आक्षेप बाहेरून आला आणि तो अन्यायाचा होता. २०२२ च्या स्पर्धेआधी दोहामध्ये अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंडचे शर्ट घालून मिरवणुका निघाल्या. त्यांत बहुसंख्य भारतीय होते, विशेषतः मल्याळी कामगार आणि नोकरदार. युरोपातल्या काही माध्यमांनी ते पैसे देऊन आणलेले ‘खोटे चाहते’ असल्याचा संशय घेतला. गोरा नसलेला माणूस इंग्लंडचा पाठीराखा कसा असेल, एवढाच त्या संशयाचा आधार होता. फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फँटिनो यांनी १९ नोव्हेंबरच्या पत्रकार परिषदेत याला वंशवाद म्हटले. कतारबद्दलच्या त्यांच्या बाकीच्या बचावाशी सहमत नसणाऱ्यांनाही हे एवढे मान्य व्हावे. ज्या माणसाने गावी नदीत कटआउट रोवले, त्यानेच दोहाच्या रस्त्यावर झेंडा धरला होता.

बांगलादेशात हीच प्रथा आणखी तीव्र आहे. २०२२ मध्ये ढाक्यातील मोठ्या पडद्यांसमोरच्या गर्दीची छायाचित्रे अर्जेंटिनात पोचली, तिथल्या संघाने जाहीर आभार मानले आणि अर्जेंटिनातील लोकांनी उलट बांगलादेशच्या क्रिकेट संघाला पाठिंबा देणारे गट काढले. १९७८ मध्ये बंद झालेला अर्जेंटिनाचा ढाक्यातील दूतावास फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडला, त्या वेळी परराष्ट्रमंत्री सँटियागो काफिएरो स्वतः हजर होते.