झटके मिलग्रमचे, तुरुंग झिंबार्डोचा

‘साधी माणसंही क्रूर होतात, प्रयोगात सिद्ध झालंय,’ असं कुणी ठोकून दिलं की बहुधा त्यात दोन प्रयोगांची खिचडी असते. विजेचे झटके आणि तुरुंग यांत तब्बल दहा वर्षांचं अंतर आहे.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रमने १९६१ मध्ये येल विद्यापीठात माणसांसमोर ३० खटक्यांचं यंत्र ठेवलं. १५ व्होल्टपासून पंधरा-पंधराने चढत ४५० पर्यंत. शेजारच्या खोलीतला ‘विद्यार्थी’ उत्तरात चुकला की पुढचा खटका दाबायचा. झटके खोटे, विद्यार्थी आतल्या गोटातला. पण दाबणाऱ्याला आधी ४५ व्होल्टचा खरा झटका देऊन यंत्राची खात्री पटवलेली. ३०० व्होल्टला भिंतीवर धपाधप आवाज येई. दाबणारा कचरला की प्रयोगाचा संचालक ठरलेली चार वाक्यं क्रमाने म्हणे. शेवटचं, ‘तुम्हाला दुसरा पर्यायच नाही.’ १९६३ च्या निबंधातल्या ४० पुरुषांपैकी २६ शेवटच्या खटक्यापर्यंत गेले.

हा ६५ टक्क्यांचा आकडा एकटा फिरतो, तिथेच घोळ होतो. संचालक खोलीबाहेर जाऊन फोनवरून सांगू लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे २० टक्क्यांच्या आसपास आले. सोबत बसवलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा फक्त १० टक्के. आणि दोन संचालकांचंच एकमेकांशी पटेना, तेव्हा लोक तिथेच थांबले. हुकूम कुठून, कसा येतो हे बदललं की वागणंही बदलत होतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुटुपुटूच्या तुरुंगात असं मोजमाप नाही. ऑगस्ट १९७१, मानसशास्त्र विभागाचं तळघर, २४ तरुण, रोजचे १५ डॉलर. कोण कैदी, कोण पहारेकरी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. कैद्यांच्या डोक्यावर नायलॉनचा मोजा, पायात साखळी. पहारेकऱ्यांना खाकी गणवेश आणि आरशाचे गॉगल. दोन आठवड्यांचा बेत सहाव्या दिवशी गुंडाळला. हा प्रयोग करणाऱ्या फिलिप झिंबार्डोचा दावा असा की हुकूम नव्हता, भूमिकेनेच पहारेकरी बिघडले.

इथे मात्र जपून. झिंबार्डो स्वतःच तुरुंगाचा अधीक्षक होता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याच्या सहकाऱ्याने ‘कडक वागा’ असं एका मवाळ पहारेकऱ्याला समजावतानाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. म्हणजे हुकूम होताच, फक्त गोड शब्दांत. शिवाय झिंबार्डोच्याच सांगण्यानुसार क्रूर निघाले ते साधारण एक-तृतीयांश पहारेकरी.

डिसेंबर २००१ मध्ये हॅस्लम आणि रायशर या मानसशास्त्रज्ञांनी बीबीसीबरोबर असाच तुरुंग उभारला, पण पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते शिकवलं नाही. तिथे पहारेकऱ्यांचं आपसांत जमेना, आणि सत्ता उलथवली ती कैद्यांनी.