नीळकंठशास्त्री ते फादर गोऱ्हे : पार्श्वभूमी

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. त्यांच्या या निर्णयामागे ज्यांच्या युक्तिवादाचे बळ होते, ते अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे) धर्मगुरू फादर नहेम्या गोऱ्हे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, मात्र आज फारसे कोणाला आठवत नाहीत. रमाबाईंप्रमाणेच तेही कोकणस्थ ब्राह्मण होते आणि संस्कृतातच वाढलेले होते.

१८२५ मध्ये झाशीकडच्या मुलखात जन्मलेले नीळकंठशास्त्री काशीत शिकले. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने ख्रिस्ती मताच्या मंडनार्थ ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याचे खंडन करणारा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ शास्त्रीबुवांनी विशीच्या आसपास रचला. काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी ते वाद घालू लागले तेही त्यांना निरुत्तर करण्यासाठीच. पण त्या वादांतून त्यांचीच निष्ठा डळमळली आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याची किंमत मोठी होती. आप्तस्वकीय दुरावले, १८५३ मध्ये मुलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत पत्नीही वारली. ती मुलगी, एलन लक्ष्मी, इंग्रज कुटुंबांत वाढली आणि पुढे स्तोत्रकर्ती म्हणून नावारूपाला आली. १८५४ मध्ये गोऱ्हे पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्यासोबत इंग्लंडला जाऊन आले.

त्यांची खरी ओळख पटते ती १८६० च्या ‘षड्दर्शनदर्पण’ या, हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा दर्शनांची चिकित्सा करणाऱ्या हिंदी ग्रंथात. ब्रह्म हेच एकमेव सत्य मानणारे अद्वैत वेदान्ती सत्तेचे, म्हणजे अस्तित्वाचे, पारमार्थिक (अंतिम सत्य), व्यावहारिक (रोजच्या जगाचे) आणि प्रातिभासिक (केवळ भासणारे) असे तीन प्रकार मानतात. त्यावर गोऱ्हे विचारतात की, व्यावहारिक सत्ता अखेर खरी नसेल तर तिला सत्ता म्हणायचे तरी कशाला? या प्रश्नाने वेदान्ताचे खंडन होते की नाही, यावर मतभेद राहतील. पण शास्त्र मुळातून वाचलेल्या माणसाचाच हा प्रश्न आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पौरोहित्याची दीक्षा त्यांना बाप्तिस्म्यानंतर वीसेक वर्षांनी, १८७० मध्ये मिळाली. पुढे ते काउली फादर्स या संन्यस्त संघात उमेदवार म्हणून राहिले, मात्र अंतिम व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. पुण्यात रमाबाईंशी त्यांची चर्चा झाली, ती ब्राह्मो समाजाच्या मताचे खंडन करणाऱ्या गोऱ्ह्यांच्या लेखनाच्या काळात, आणि रमाबाईंनी त्यांचे ऋण पुढे स्वतः नोंदवून ठेवले. १८९५ मध्ये मुंबईत फादर गोऱ्हे यांचे निधन झाले.