पूरग्रस्तांना मदत आणि संपकऱ्यांना साथ: दोन्ही एकच समजू नका

कारखान्याच्या फाटकासमोर संपाचा मांडव पडून दोन आठवडे झाले की भल्या माणसांमध्ये तोच निरोप फिरू लागतो: "संपकरी कुटुंबांना धान्याचे संच द्यायचे आहेत. कोण बरोबर, कोण चूक यात आपल्याला पडायचं नाही, पण मुलाबाळांचे हाल व्हायला नकोत." गाडी भरते, संच वाटले जातात, देणाऱ्या-घेणाऱ्यांचे फोटो निघतात आणि सगळे समाधानाने घरी परततात. या माणसांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण पुराच्या वेळी जे अंगवळणी पडलं तेच ते इथे करतात, आणि मग तिसऱ्या महिन्यात, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा तिथे कुणीच नसतं. हे इतक्यांदा घडलंय की एकदा नीट लिहून काढायला हवं.

पुराची मदत कशी असते हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार बोलत नाही. पाणी येतं, घर जातं, पाणी ओसरतं. नुकसान होऊन गेलेलं असतं आणि मदत ते भरून काढण्यासाठी असते. ती जितकी लवकर आणि जितकी भरघोस तितकी चांगली. देणाऱ्याने कुणाची बाजू घेण्याचा प्रश्नच नसतो, कारण समोर दुसरा पक्षच नसतो. पाणी काही कुणाच्या घरातलं धान्य किती दिवस पुरेल याचा हिशेब करत बसत नाही.

मालक मात्र तो हिशेब करतो. सगळा फरक इथे आहे.

संप म्हणजे दोन हिशेबांची झुंज असते. व्यवस्थापनाकडे गोदामातला तयार माल असतो, दुसरीकडचा कारखाना असतो, बँकेची मुदत असते, हातातल्या ऑर्डरी असतात. त्यावर ते किती आठवडे तग धरू शकतात हे त्यांनी मांडून ठेवलेलं असतं. दुसऱ्या बाजूला घरभाडं, कर्जाचा हप्ता, शाळेची फी, म्हाताऱ्या आईची औषधं आणि दुकानदाराची उधारी. बोलणी कधी सुरू होणार आणि कशावर मिटणार, हे या दोन याद्यांपैकी कुठली आधी संपते यावर बऱ्याच अंशी ठरतं. म्हणजे संपकऱ्याच्या घरात पोचलेली मदत झालेलं नुकसान भरत नाही. जे अजून ठरायचं आहे, त्यात ती उतरते. तुम्ही दिलेल्या धान्याने एक घर आणखी आठ दिवस टिकलं, तर तुम्ही संप आठ दिवसांनी लांबवलात. नाही दिलंत, तर आठ दिवसांनी आखडलात. यात तटस्थ जागा नाहीच. "आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, फक्त मुलांसाठी देतो" या वाक्याचा मला मनापासून राग येतो, कारण ते बोलणारा माणूस आपण काय करतोय हेच समजून घ्यायला नकार देत असतो. मुलांचं पोट हीच तर संप मोडण्याची जागा असते.

सत्तेला हे नेहमीच नीट कळलेलं आहे. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावी १९१२च्या जानेवारीत कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. कायद्याने आठवड्याचे तास ५६ वरून ५४ झाले आणि मालकांनी तेवढाच पगार कापला, हे निमित्त. फेब्रुवारीत संपकऱ्यांनी आपली मुलं न्यूयॉर्कला, पाठिंबा देणाऱ्या कुटुंबांकडे राहायला पाठवली. वरवर पाहता ही निव्वळ करुणेची गोष्ट: उपाशी मुलांना कुणीतरी सांभाळायला नेतंय. पण त्यामुळे गावातली खाणारी तोंडं कमी झाली, आईबापांना बळ आलं, आणि लोकर विणणाऱ्या घरांतल्या मुलांच्या अंगावर धड गरम कपडे नाहीत हे सगळ्या देशाने पाहिलं. २४ फेब्रुवारीला पुढची तुकडी निघाली तेव्हा पोलिसांनी रेल्वे स्थानकावरच आयांना आणि मुलांना अडवलं, मारहाण केली, पकडून नेलं. पूरग्रस्त मुलांना सुरक्षित जागी नेणाऱ्या आयांना कधी कुणी लाठ्या मारल्यात का? त्या दिवशीच्या संतापातून अमेरिकेच्या संसदेच्या (काँग्रेसच्या) समितीपुढे सुनावणी झाली आणि मार्चच्या मध्यावर गिरणी मालकांनी पगारवाढ मान्य केली.

ब्रिटनमध्ये तर हे थेट कायद्यात लिहिलं गेलं. १९८०च्या कायद्याने अशी तरतूद केली की संपकऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या सरकारी भत्त्यातून ठरावीक रक्कम कापायची, कारण तेवढी त्याला संघटनेकडून मिळते असं गृहीत धरायचं. संघटना ती देवो अथवा न देवो. १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपात संघटना संपभत्ता देतच नव्हती, तरी कपात होत राहिली. कामगाराची बायको आणि मुलं लढ्यापासून वेगळी आहेत असं सरकारला कधी वाटलं नाही. वाटतं ते आपल्याला.

हे एकदा पटलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलटतं. पुरात पहिल्या आठवड्यातली मदत सगळ्यात मोलाची. संपात पहिल्या आठवड्यात मागचा पगार अजून हातात असतो, उत्साह असतो, फाटकावर गर्दी असते. चणचण सुरू होते पहिला पगार चुकतो तिथून. दुसरा चुकला की दुकानदार वही बंद करतो, आणि तिसऱ्याला घरातलं सोनं गहाण पडतं. म्हणून पहिल्याच रविवारी सगळी वर्गणी ओतून मोकळं होण्यात काही अर्थ नाही. थोडी रक्कम, पण दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, आणि "संप मिटेपर्यंत देत राहू" असं आधीच जाहीर केलेली. जाहीर करणं महत्त्वाचं, कारण ते फक्त संपकरी ऐकत नसतात, व्यवस्थापनही ऐकतं. पन्नास हजार एकदम देणाऱ्यापेक्षा दर आठवड्याला दोनशे देणारी अडीचशे माणसं मला केव्हाही जास्त भरवशाची वाटतात. पन्नास हजार किती दिवसांत संपतील ते मालकाला मोजता येतं. त्या अडीचशे माणसांचा चिवटपणा त्याला मोजता येत नाही.

इथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो लहान माणसाचा नाही. अहमदाबादमध्ये फेब्रुवारी १९१८मध्ये गिरणी कामगारांचा लढा पेटला. कामगारांची मागणी पस्तीस टक्के वाढीची होती, मालक वीसच्या पुढे जायला तयार नव्हते. गांधीजींनी संपासाठी कामगारांपुढे ज्या अटी ठेवल्या त्यांतली एक अट होती: कितीही दिवस लागले तरी भिक्षेवर जगायचं नाही, दुसरं प्रामाणिक काम करून पोट भरायचं. साबरमतीच्या आश्रमात विणकाम शाळेचं बांधकाम चालू होतं, तिथे पायात वाळू भरायचं काम कामगारांना दिलं. कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या अनसूयाबेन साराभाईही डोक्यावर टोपली घेऊन त्या रांगेत होत्या, आणि समोरच्या मालकांत त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल होते. पुढे गांधीजींचं उपोषण झालं, तडजोड झाली आणि लवादाने पस्तीस टक्केच दिले.

म्हणजे बाहेरची मदत घेऊच नये? माझं मत तसं नाही. पण त्या अटीमागचा विचार पाहा: वर्गणीवर चालणारा लढा वर्गणी आटली की संपतो, आणि मालकाला फक्त ती आटण्याची वाट पाहायची असते. हा तोच हिशेब आहे जो मी वर मांडला. गांधीजींनी त्यावर काढलेला उपाय काही आठवड्यांच्या लढ्यात आणि आश्रमाचं बांधकाम हाताशी असताना चालला. कित्येक महिने चालणाऱ्या, हजारो घरांच्या संपात तो पुरणार नाही. तिथे वर्गणी आटू न देणं हाच मार्ग उरतो.

मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो वर्षाहून जास्त कसा चालला हे विचारलं की लोक नेत्याचं नाव घेतात. हजारो कामगार गावी गेले, आणि कोकणातल्या, घाटावरच्या शेतांनी आणि भावकीने त्यांना पोसलं, याचा उल्लेख कमी होतो. त्या संपाला मिळालेली मोठी साथ कुठल्याही पावतीपुस्तकात सापडणार नाही. ज्या घरांना गावाकडे जमीन नव्हती त्यांची अवस्था फार वेगळी झाली. आजही एखाद्या संपात मदत कुठे आधी लागणार हे ओळखायचं असेल तर हाच प्रश्न विचारा: पाठीमागे गाव नसलेली घरं किती, दोघंही त्याच कारखान्यात असलेली किती, कंत्राटी किती?

आता दुसरी बाजू, जी धान्य देणाऱ्यांना ऐकायला आवडत नाही. पुराची मदत पोटापाशी संपते आणि तिथे ती पुरेशी असते. संपात ती पुरेशी नसते. १९१३ साली आयर्लंडमध्ये, डब्लिनला, मालकांनी जिम लार्किन या कामगार नेत्याच्या संघटनेत राहणार नाही असं लिहून मागितलं आणि नकार देणाऱ्या सुमारे वीस हजार कामगारांना बाहेर काढलं. खरं तर ती टाळेबंदी होती. ब्रिटिश कामगार संघटनांच्या महासंघाने सप्टेंबरअखेर अन्नधान्याने भरलेलं जहाज पाठवलं, त्यानंतर आणखीही पाठवली. महिनोन्‌महिने त्यावर हजारो घरं जगली, आणि त्या जहाजांचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण डब्लिनच्या कामगारांचं मागणं आणखी एक होतं: त्या मालकांचा माल तुमच्या बंदरांत आणि रेल्वेत हलवू नका. ९ डिसेंबरला महासंघाच्या खास अधिवेशनाने ते फेटाळलं. माल हलत राहिला. जानेवारीत कामगार परतू लागले, कित्येकांना ते अपमानास्पद कागद सही करावे लागले. पोट भरायला माणसं होती, माल अडवायला नव्हती.

म्हणून तुमच्या कंपनीकडे अचानक संपाखालच्या कारखान्याची ऑर्डर वळवली गेली असेल, तुमची गाडी तिथला माल उचलायला चालली असेल, तुमच्या एजन्सीकडे तिथे "तात्पुरते" कामगार मागितले असतील, तर आधी त्याचं काय करता ते सांगा. संपकऱ्यांना धान्य पाठवायचं आणि त्यांचंच काम ओव्हरटाइमने उरकून द्यायचं, या दोन गोष्टी एका माणसाने करू नयेत. नोकरीच्या भीतीने थेट नकार देणं जमत नसेल, हे मला समजतं. मग निदान ऑर्डर वळली आहे ही बातमी संप समितीपर्यंत पोचवा. कित्येकदा ती बातमी धान्याच्या गाडीपेक्षा जास्त कामाची असते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत, भराभर सांगतो. वस्तूंपेक्षा रोख रक्कम बरी, कारण घरमालक धान्य घेत नाही. वाटप संप समितीमार्फत आणि सर्वांना एकाच नियमाने. बाहेरून येऊन "सर्वांत गरजू" घरं आपणच निवडू नका, त्याने रांगेत फूट पडते. घेणाऱ्यांचे फोटो काढू नका. पूरग्रस्ताचा फोटो त्याचं नुकसान करत नाही, पण संपकऱ्याचा फोटो कार्मिक विभागाच्या टेबलावर पोचतो. हिशेब मात्र चोख ठेवा आणि फाटकावरच्या सभेत वाचून दाखवा.

आणि "बिचाऱ्या बायका-मुलं" ही भाषा कृपा करून सोडा. संपाचा खर्च रोज कोण भागवतं? कुठलं देणं पुढे ढकलायचं, कुणापुढे हात पसरायचा, मुलांना काय सांगायचं, हे सगळं घरातली बाई ठरवत असते. तिचा जीव या लढ्यात नसेल तर फाटकावर कितीही घोषणा द्या, संप स्वयंपाकघरात मोडतो. ब्रिटनच्या त्या १९८४-८५च्या संपात खाणगावांतल्या बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू केली आणि तिथून त्या निदर्शनांच्या रांगेत आणि सभांच्या व्यासपीठावर पोचल्या. म्हणून मदतीची बैठक घेताना फक्त युनियनच्या पदाधिकाऱ्यांना बोलावू नका. घर चालवणाऱ्या बायकांना बोलवा आणि काय, किती, कधी हे त्यांना विचारा.

शेवटचं, कारण इथे बहुतेक जण आधीच निघून गेलेले असतात. पुराच्या मदतीचं खातं पाणी ओसरून घरं उभी राहिली की बंद होतं. संपाचं खातं समझोत्यावर सही झाली त्या दिवशी बंद करायचं नसतं. काम सुरू झालं तरी पहिला पूर्ण पगार हातात यायला महिना जातो, आणि साठलेली उधारी त्याच्या कित्येक पट असते. त्यात काही जणांना परत घेतलेलंच नसतं: कुणी निलंबित, कुणावर पोलीस केस, कुणाची चौकशी चालू. ब्रिटिश खाणकामगारांच्या त्या संपात शेकडो जण बडतर्फ झाले, आणि संप मिटल्यानंतरही त्यांच्यासाठी निधी गोळा होत राहिला. तेव्हा समझोत्याची बातमी आली की पेढ्यांच्या आधी समितीला एवढं विचारा: किती जण बाहेर राहिले, त्यांच्या तारखा कधी आहेत, वकिलाची फी कोण भरतंय. दर आठवड्याचे ते दोनशे रुपये त्या नावांसाठी चालू ठेवा.