‘आय ॲम लेजंड’ची पार्श्वभूमी : नाव राहिलं, शेवट गेला

टाइम्स स्क्वेअरमध्ये गवत माजलंय, त्यातून हरणांचा कळप उधळलाय आणि लाल गाडीतून एक माणूस आपल्या कुत्रीला घेऊन त्यांच्या मागे लागलाय. डिसेंबर २००७मध्ये आलेल्या ‘आय ॲम लेजंड’ची ही सुरुवातीची मिनिटं आजही अंगावर येतात. ओस पडलेल्या न्यूयॉर्कमध्ये विल स्मिथ जवळजवळ एकट्याने चित्रपट पेलतो. दुकानातल्या पुतळ्यांशी गप्पा मारतो, कुत्रीला लेकीसारखं वागवतो. आणि मग शेवटच्या अर्ध्या तासात सगळं हातातून निसटतं. चित्रपटाने जगभरात ५८ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली, तरी त्याच्याबद्दल बोलताना लोकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘निराशा’ हाच.

दोष बहुतेक वेळा राक्षसांना, म्हणजे साथीची बाधा होऊन हिंस्र झालेल्या माणसांना दिला जातो. रंगभूषा केलेल्या नटांना बाजूला सारून ते संगणकावर घडवले गेले आणि ते रबरी वाटतात, हे खरंच आहे. पण रबरी राक्षस प्रेक्षक विसरतो. इथे जे बोचतं ते नावाशी निगडित आहे, आणि ते कळायला १९५४पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी रिचर्ड मॅथेसन यांची याच नावाची छोटेखानी कादंबरी आली. तिच्यातला रॉबर्ट नेव्हिल लॉस एंजेलिसच्या एका साध्या वस्तीत राहणारा, कारखान्यात नोकरी करणारा माणूस. साथीत बायको-मुलगी गेल्या, बाकीचे रक्तपिपासू झाले. रोज रात्री शेजारी बेन कॉर्टमन अंगणात उभा राहून ‘नेव्हिल, बाहेर ये!’ म्हणून ओरडतो. दिवसा नेव्हिल लाकडी खुंट घेऊन घरोघर फिरतो आणि झोपलेल्यांना मारतो. मॅथेसनचा मोठा पराक्रम म्हणजे त्यांनी व्हॅम्पायरच्या जुन्या समजुती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. रोग जिवाणूचा. व्हॅम्पायरवर लसूण का लागू पडतो, क्रॉसला कोण घाबरतं, असे प्रश्न नेव्हिल ग्रंथालयातली पुस्तकं आणून सोडवत बसतो. कॉर्टमन ज्यू, म्हणून त्याच्यावर क्रॉसचा परिणाम होत नाही. ‘तोरा’ हा ज्यूंचा धर्मग्रंथ दाखवल्यावर मात्र तो मागे हटतो. भीती माणूस जिवंतपणी काय मानत होता त्यावर ठरते, हे किती बारकाईने टिपलंय! कुत्र्याचा प्रसंगही चित्रपटाहून फार वेगळा आहे. एक खरजेलं, भेदरलेलं कुत्रं दारात येतं, नेव्हिल कितीतरी दिवस खाणं ठेवून त्याचा विश्वास मिळवतो, आणि आठवड्याभरात ते मरतं.

शेवटी उलगडतं ते असं : बाधितांतले काही अजून जिवंत आहेत. औषधाच्या गोळ्यांवर रोग आटोक्यात ठेवून ते नवा समाज उभा करताहेत. नेव्हिल मरून उठलेल्यांसोबत त्यांनाही मारत आलाय, फरक न कळता. त्याच्या घरी आलेल्या रूथचा नवराही त्यातच गेला. पकडला गेल्यावर तो खिडकीतून खाली जमलेल्या गर्दीकडे पाहतो आणि त्याला दिसतं की ती माणसं आपल्याला घाबरताहेत. दिवसाउजेडी येऊन झोपेत मारणारा, पोरांना ज्याची भीती घालावी असा बागुलबुवा तोच झालाय. ‘लेजंड’चा अर्थ हा : त्यांच्या दंतकथेतला राक्षस. हा शेवट काढला की नाव अर्थहीन होतं.

यानंतरचा सगळा इतिहास म्हणजे या शेवटापुढे चित्रपटवाल्यांनी खाल्लेली कच. १९५७च्या सुमारास ब्रिटनच्या हॅमर कंपनीने मॅथेसनकडूनच पटकथा लिहून घेतली. सेन्सॉरने ती पास होणार नाही म्हटल्यावर प्रकल्प बारगळला. ती पटकथा फिरत फिरत इटलीत पोचली आणि १९६४मध्ये ‘द लास्ट मॅन ऑन अर्थ’ आला. व्हिन्सेंट प्राइस नायक, चित्रीकरण रोममध्ये. पटकथेतले बदल मॅथेसनना इतके खटकले की श्रेयनामावलीत त्यांनी लोगन स्वॉन्सन हे टोपणनाव लावलं. मला मात्र हा काळापांढरा, हात आखडून केलेला चित्रपट सगळ्या रूपांतरांत मूळ कथेच्या सर्वांत जवळचा वाटतो. नवा समाज त्यात आहे, आणि मरताना नायक पुटपुटतो की ते मला घाबरत होते.

रात्रभर दारं-खिडक्या बडवणाऱ्या त्या संथ गर्दीचं खरं पीक १९६८मध्ये आलं. पिट्सबर्गच्या परिसरात जेमतेम लाखभर डॉलरमध्ये जॉर्ज रोमेरोने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. मॅथेसनच्या कादंबरीवरून आपण कल्पना उचलली हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं. चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही येत नाही, तरी आजचा झोंबी तिथूनच निघाला. २०२२च्या आपल्या ‘झोंबिवली’त डोंबिवलीवर चालून येणाऱ्या गर्दीचं मूळही तिथेच. रोमेरोने हक्क घेतले नव्हते, नाव घेतलं नव्हतं, पण मॅथेसनच्या शेवटाला जागला तो हाच. डुएन जोन्सने साकारलेला कृष्णवर्णीय नायक रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचतो आणि सकाळी त्याला प्रेत समजून माणसंच गोळी घालतात. राक्षस कोण, हा प्रश्न तिथे एका गोळीत विचारला गेला.

अधिकृत रूपांतरं मात्र उलट्या दिशेने गेली. १९७१च्या ‘द ओमेगा मॅन’मध्ये चार्ल्टन हेस्टन आहे, चीन-सोव्हिएत जैविक युद्ध आहे आणि काळे झगे घातलेला, यंत्रांचा द्वेष करणारा एक पंथ आहे. शेवटी नायक कारंज्यात हात पसरून मरतो, आपल्या रक्तापासून केलेलं औषध पुढच्यांच्या हाती देऊन. बागुलबुवाचा थेट येशू झाला.

नव्वदच्या दशकात दिग्दर्शक रिडली स्कॉट आणि नट अर्नोल्ड श्वार्झनेगर यांना घेऊन जुळवाजुळव झाली. खर्च दहा कोटी डॉलरपुढे जातोय म्हटल्यावर ती थांबली. मधल्या काळात, २००२मध्ये, डॅनी बॉइलचा ‘२८ डेज लेटर’ आला. त्याने बाधितांना धावायला लावलं. साध्या डिजिटल कॅमेऱ्यांवर, पहाटे रस्ते थोडा वेळ अडवून रिकामं लंडन टिपलं. शेवटाकडे सैनिकांवर तुटून पडलेला नायक इतका हिंस्र होतो की उगारलेला कोयता हातात घेऊन त्याची सोबतीण सेलीना क्षणभर थबकते : हा बाधित की माणूस? मॅथेसनचं नावही न घेता त्यांचा प्रश्न पुन्हा जिवंत झाला.

२००७चा चित्रपट धावणारे बाधित आणि रिकामं शहर या दोन गोष्टी घेतो. त्या थबकण्याला तो जागाच देत नाही. दुःख याचं, की पाया व्यवस्थित घातला होता. नेव्हिल औषधाच्या प्रयोगासाठी एका बाधित स्त्रीला सापळ्यात पकडतो, तेव्हा बाधितांचा म्होरक्या उन्हात डोकं काढतो. नेव्हिल त्याची नोंद करतो : यांच्यात माणुसकीचं काही उरलेलं नाही. पुढे नेव्हिलच्याच पद्धतीचा सापळा रचून ते त्याला अडकवतात. म्हणजे ते शिकताहेत, आपल्या माणसासाठी जीव धोक्यात घालताहेत. प्रेक्षकाला हे दिसतं, आणि तरी नायक हातबॉम्बने स्वतःसकट त्यांना उडवून देतो. औषध निर्वासितांच्या वस्तीत पोचतं आणि ‘लेजंड’ म्हणजे थोर हुतात्मा असा अर्थ आपल्या हाती ठेवला जातो.

खरं तर दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्सने दुसरा शेवट चित्रित केला होता. चाचणी-खेळांत प्रेक्षकांनी तो नाकारला आणि तो २००८मध्ये डीव्हीडीवर बाहेर आला. २०२२मध्ये पुढच्या भागाची घोषणा झाली. पटकथाकार अकिवा गोल्ड्समन यांनी नंतर सांगितलं की तो या नाकारलेल्या शेवटापासून पुढे जाईल. त्या शेवटात म्होरक्या काचेवर फुलपाखरू रेखाटतो. नेव्हिल वळून टेबलावरच्या, सापळ्यात पकडलेल्या त्या बाईकडे पाहतो, तर तिच्या अंगावर तेच फुलपाखरू गोंदलेलं असतं. तो दार उघडून तिला परत देतो, माफी मागतो, आणि मग त्याची नजर भिंतीवर जाते. तिथे त्याच्या प्रयोगांत मेलेल्यांचे फोटो ओळीने लावलेले असतात, त्यानेच लावलेले.