साल्मोनेला संसर्ग आणि प्रोबायोटिक जीवाणू (कोंबड्यांमधील)

कोंबड्यांच्या आतड्यात साल्मोनेला प्रजातीच्या जीवाणूंनी ठाण मांडू नये, आणि मांडलेच तर पक्ष्याच्या प्रतिकारयंत्रणेने ते वेळीच आवरावे, यासाठी पिल्लांना खाद्य, पाणी किंवा फवाऱ्यावाटे उपकारक जिवंत जीवाणू देण्याची पद्धत. तिचा प्रायोगिक पाया १९७० च्या दशकात फिनलंडमध्ये घातला गेला. हे जीवाणू साल्मोनेलाला जागा नाकारून काम करतात की पक्ष्याची प्रतिकारशक्ती वाढवून, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. उपलब्ध पुरावा पाहता पहिली बाजू अधिक भक्कम दिसते. दुसरी खरी असली तरी ‘वाढवणे’ हा शब्द तिला नेमका लागू पडत नाही.

संसर्गाचे स्वरूप : साल्मोनेला हे नाव अमेरिकन पशुवैद्य डॅनियल एल्मर सॅमन यांच्यावरून पडले, त्याच नावाच्या माशाशी त्याचा काही संबंध नाही. जीवाणू प्रत्यक्ष वेगळा केला तो सॅमन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थिओबाल्ड स्मिथ यांनी, १८८५ च्या सुमारास, आणि तोही डुकरांत. डुकरांच्या ज्या रोगाचे ते कारण समजले गेले, तो रोग पुढे विषाणुजन्य ठरला, पण नाव टिकून राहिले. या प्रजातीत एंटेरिका व बोंगोरी अशा दोनच जाती मानतात. मात्र त्यांचे सीरोप्रकार (पृष्ठभागावरील प्रतिजनांवरून ओळखले जाणारे उपप्रकार) २,५०० हून अधिक आहेत.

कोंबड्यांच्या दृष्टीने त्यांचे दोन गट पडतात. गॅलिनारम व पुलोरम हे सीरोप्रकार जवळजवळ केवळ पक्ष्यांपुरते असून पक्ष्यांना खरोखर आजारी पाडतात. पहिल्यामुळे कोंबड्यांचा टायफॉईड होतो, तर दुसऱ्यामुळे लहान पिल्लांची पांढरी हगवण. (माणसाचा टायफॉईड टायफी या वेगळ्या सीरोप्रकारामुळे होतो आणि तो कोंबडीकडून येत नाही.) एंटेरिटिडिस, टायफिम्युरियम, इन्फँटिस इत्यादींच्या दुसऱ्या गटाची गोष्ट उलटी आहे. पहिले काही दिवस सरले की कोंबडी त्यांच्यामुळे सहसा आजारी दिसत नाही, वजनही धरते, पण विष्ठेतून आठवडेच्या आठवडे जीवाणू बाहेर टाकत राहते. एंटेरिटिडिस तर अंडाशयातून थेट अंड्यात उतरतो. माणसाला होणाऱ्या अन्नविषबाधेचा प्रश्न या दुसऱ्या गटामुळे उद्भवतो, आणि प्रोबायोटिकांचा बहुतेक अभ्यास याच गटावर झाला आहे.

या जीवाणूंचे मुख्य वसतिस्थान म्हणजे लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी फुटणारी अंधांत्रांची जोडी. या एका टोकाला बंद असलेल्या दोन लांबट पिशव्या होत. त्यांतील द्रव्य दिवसातून मोजक्याच वेळा बाहेर पडते. लिटरवर (कोंबड्यांखाली पसरलेल्या भुशावर) मधूनच दिसणारी चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची विष्ठा ती हीच. आतड्यातून अन्न काही तासांत पुढे सरकते, इथे मात्र ते रेंगाळते, आणि जिथे अन्न रेंगाळते तिथे जीवाणूंची वस्ती दाट होते.

वय हा येथे निर्णायक घटक आहे. मिलनर व शॅफर यांनी १९५२ मध्ये दाखवले की एक दिवसाच्या पिल्लाला संसर्ग होण्यास साल्मोनेलाच्या मोजक्या पेशीही पुरतात; पुढे मात्र दिवसागणिक हा उंबरठा झपाट्याने वर चढतो. पिल्लू इतके असहाय असण्याचे कारण केवळ त्याच्या अपक्व प्रतिकारयंत्रणेत नाही. खुडूक कोंबडीखाली फुटलेले गावठी पिल्लू पहिल्याच दिवशी आईच्या मागोमाग उकिरडा टोचू लागते आणि तिच्या आतड्यातील जीवाणू आपसूक उचलते. उबवणी यंत्रात एकविसाव्या दिवशी बाहेर आलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही. त्याची अंधांत्रे जवळजवळ रिकामी असतात, आणि जो जीवाणू आधी पोहोचेल त्याची ती होतात.

कल्पनेचा व संज्ञेचा उगम : १९७१ च्या सुमारास फिनलंडमधील ब्रॉयलर कळपांत साल्मोनेला इन्फँटिसचा मोठा फैलाव झाला. त्यानंतर एस्को नुर्मी आणि मार्यात्ता रांताला यांनी प्रौढ, निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य पातळ करून नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या अन्नपिशवीत घातले व मग त्यांना इन्फँटिसचा संसर्ग दिला. द्रव्य मिळालेल्या पिल्लांत संसर्गाचे प्रमाण ठळकपणे कमी आढळले. १९७३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘नुर्मी संकल्पना’ हे नाव रूढ झाले. रांताला यांचे नाव त्यातून का गळले याचे स्पष्टीकरण कुठे दिलेले दिसत नाही. ‘नुर्मी–रांताला’ म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

या परिणामाला ‘स्पर्धात्मक वर्जन’ म्हणतात. ही संज्ञा कुक्कुटशास्त्राची नव्हे. परिसरविज्ञानात, एकाच साधनावर जगणाऱ्या दोन जाती एकाच जागी कायम नांदू शकत नाहीत, हे तत्त्व गाउझे यांच्या १९३० च्या दशकातील प्रयोगांशी जोडले जाते. त्याला हे नाव प्रचलित केले हार्डिन यांनी १९६० मध्ये. साल्मोनेलाच्या संदर्भात ते प्रथम वापरण्याचे श्रेय बहुधा ग्रीनबर्ग यांना द्यावे लागेल. १९६९ मध्ये त्यांनी माश्यांच्या अळ्यांतील जीवाणू टायफिम्युरियमला कसे हुसकावतात ते वर्णिले. कोंबड्यांच्या वाङ्मयात ही संज्ञा त्यानंतर आली.

‘प्रोबायोटिक’ या शब्दाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. १९५० च्या दशकात जर्मन लेखनात त्याची रूपे भेटतात, पण आजच्या अर्थाने नव्हे. लिली व स्टिलवेल यांनी १९६५ मध्ये तो वापरला तो एका सूक्ष्मजीवाने स्रवलेल्या व दुसऱ्याच्या वाढीस पोषक ठरणाऱ्या द्रव्यासाठी. पार्कर यांनी १९७४ मध्ये पशुखाद्याच्या संदर्भात आतड्यातील जीवाणूंचा समतोल राखणारे जीव व द्रव्ये दोन्ही त्यात घेतली, तर फुलर यांनी १९८९ मध्ये ‘द्रव्ये’ वगळून ‘जिवंत’ हा शब्द आणला. सध्या २००१ ची जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांची व्याख्या प्रमाण धरतात : पुरेशा मात्रेत दिल्यास यजमानास आरोग्यलाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांना या सर्वांचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. आंबवलेले दूध व दीर्घायुष्य यांची त्यांनी घातलेली सांगड प्रसिद्ध असली, तरी शब्द त्यांचा नाही आणि कोंबडीही त्यांची नाही.

या व्याख्येच्या काटेकोरपणामुळे दोन गोष्टी कुंपणाबाहेर राहतात. घरगुती ताक कोंबड्यांना पाजण्याची चाल काही ठिकाणी आहे. पण विरजण घरोघरी वेगळे असते, त्यातील वाण व मात्रा ठाऊक नसतात, म्हणून ताकाला या अर्थाने प्रोबायोटिक म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द नुर्मी–रांताला यांचे द्रव्य, ज्यातील सर्व जीवाणूंची ओळख पटलेली नसते. अशी ‘अनिश्चित’ मिश्रणे फिनलंडमध्ये १९८७ पासून बाजारात आहेत. अमेरिकेत मात्र १९९८ मध्ये मान्यता मिळाली ती ओळख पटलेल्या २९ जीवाणूंच्या मिश्रणाला. अनुभव असा की मिश्रण जितके मूळ द्रव्याच्या जवळ तितके संरक्षण अधिक. केवळ लॅक्टोबॅसिलसचा एखादा वाण त्याची बरोबरी क्वचितच करतो.

कार्यपद्धती : अंधांत्रातील ऑक्सिजनविरहित वातावरणात वाढणारे जीवाणू ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्ले तयार करतात. सामू उतरला की ही अम्ले अविघटित रूपात साल्मोनेलाच्या पेशीत शिरतात व तिला आतून आम्ल करतात. ब्युटिरेटचे आणखी एक वैशिष्ट्य असे की साल्मोनेलाला आतड्याच्या पेशीत घुसण्यास लागणाऱ्या जनुकसमूहाची अभिव्यक्ती त्यामुळे मंदावते. याखेरीज चिकटण्याच्या जागा व पोषक द्रव्ये यांसाठी स्पर्धा होते. प्रोबायोटिक जीवाणूंनी स्रवलेली बॅक्टेरिओसिने (इतर जीवाणूंना मारणारी प्रथिने) साल्मोनेलाला मारतात, हे विधान सरसकट केले जाते. परंतु निसिनसारखी बहुतेक बॅक्टेरिओसिने ग्रॅम-ऋण जीवाणूंचे बाह्य पटल ओलांडू शकत नाहीत, आणि साल्मोनेला ग्रॅम-ऋण आहे. लॅक्टोबॅसिलसच्या रूटेरी या जातीपासून मिळणारे रूटेरिन हा अपवाद, पण ते प्रथिन नसल्याने बॅक्टेरिओसिनच नव्हे.

प्रतिकारयंत्रणा व तिचा प्रतिसाद : पक्ष्यांत सस्तन प्राण्यांसारख्या लसिका गाठी नसतात. आतड्यालगतच्या लसिकाभ ऊतीतच बरेचसे काम चालते. अंधांत्रांच्या मुखाशी असलेली अंधांत्र-गलग्रंथी ही त्यांतील सर्वांत मोठी. सस्तन प्राण्यांच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची जागा पक्ष्यांत हेटेरोफिल घेतात. त्यांच्याकडे मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसते, ते डिफेन्सिन या जीवाणुनाशक प्रथिनांवर अधिक विसंबतात. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात त्यांची भक्षणक्षमता कमी असते.

साल्मोनेलाच्या कशाभिकेतील (हालचालीच्या शेपटीतील) प्रथिन पक्ष्याच्या पेशीवरील टीएलआर-५ या ग्राहीस आणि बाह्य पटलातील लिपोपॉलिसॅकराइड टीएलआर-४ या ग्राहीस जागे करते. त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा, -६ व -८ ही संदेशवाहक प्रथिने स्रवतात, हेटेरोफिल व महाभक्षी पेशी धावून येतात, आणि पुढे टी-पेशींच्या इंटरफेरॉन-गॅमामुळे महाभक्षी पेशी गिळलेला जीवाणू मारू लागतात. गॅलिनारम व पुलोरम यांना कशाभिका नसते. पहारा चुकवून ते यकृत-प्लीहेपर्यंत निमूटपणे पोहोचतात, त्याचे हे एक कारण मानतात.

प्रतिपिंडांच्या भूमिकेबाबतचा वाद येथे थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण ‘प्रोबायोटिकाने प्रतिपिंड वाढले’ हा दावा सर्वाधिक आढळतो. कोंबडीच्या अवस्कराशेजारी (विष्ठा, मूत्र व अंडे यांच्या समाईक मार्गाशेजारी) फाब्रिकस यांनी वर्णिलेली एक पिशवी असते. त्यांचे वर्णन १६२१ मध्ये, मरणोत्तर, छापले गेले. तिचे कार्य तीन शतकांहून अधिक काळ अज्ञात होते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील ब्रूस ग्लिक यांनी ती काढून टाकलेल्या काही कोंबड्या टिमथी चँग या सहकाऱ्याने प्रतिपिंडनिर्मितीच्या प्रात्यक्षिकासाठी नेल्या व त्यांना नेमका साल्मोनेला टायफिम्युरियमचाच प्रतिजन टोचला. प्रतिपिंड तयार होईनात. १९५६ मध्ये हा शोध ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापला गेला. बी-पेशींमधील ‘बी’ हे अक्षर त्या पिशवीच्या, म्हणजे ‘बर्सा’च्या, नावातून आले आहे.

प्रतिपिंडांच्या उगमाचा हा शोध साल्मोनेलाच्या साक्षीने लागला असला, तरी साल्मोनेला हटवण्यास प्रतिपिंड लागतातच असे सिद्ध झालेले नाही. १९९८ च्या बेल्जियममधील अभ्यासात बी-पेशी नष्ट केलेल्या कोंबड्यांच्या आतड्यात एंटेरिटिडिसचे प्रमाण जास्त आढळले, तर २००६ च्या एका ब्रिटिश अभ्यासात अशा कोंबड्यांनी टायफिम्युरियमचा संसर्ग इतरांच्या इतक्याच वेळात संपवला. सीरोप्रकार व पद्धती वेगळ्या असल्याने दोन्ही निष्कर्ष एकमेकांना सरळ खोडत नाहीत. तरीही पेशीजन्य प्रतिकार हा येथे प्रमुख, ही भूमिका अधिक ग्राह्य वाटते.

प्रोबायोटिकांच्या परिणामाचे मोजमाप याच पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात ॲसिडोफिलस, बिफिडम व फीकॅलिस या जीवाणूंचे मिश्रण दिलेल्या कोंबड्यांत रक्तातील व आतड्यातील नैसर्गिक प्रतिपिंड वाढलेले दिसले. परंतु त्याच गटाने अंधांत्र-गलग्रंथीतील जनुकांची अभिव्यक्ती तपासली तेव्हा चित्र वेगळे निघाले. एकट्या साल्मोनेलाने इंटरल्यूकिन-१२ व इंटरफेरॉन-गॅमा यांची अभिव्यक्ती वाढवली, तर आधी प्रोबायोटिक दिलेल्या संसर्गित पिल्लांत ती निरोगी पिल्लांच्या पातळीजवळ राहिली. याचे दोन अर्थ लागतात : प्रोबायोटिकाने दाह आवरला, किंवा साल्मोनेला मुळात कमी संख्येने चिकटल्याने दाहाला कारणच उरले नाही. दुसरा अर्थ साधा आहे, आणि तो नाकारायचा तर जीवाणूंची संख्या समान ठेवून तुलना करावी लागते, जे फार थोड्या प्रयोगांत केले जाते.

नामविषयक टीप : लॅक्टोबॅसिलस या प्रजातीचे २०२० मध्ये विभाजन होऊन रूटेरी जाती लिमोसिलॅक्टोबॅसिलसमध्ये व सॅलिव्हॅरियस लिगिलॅक्टोबॅसिलसमध्ये गेली. जुन्या लेखांतील स्ट्रेप्टोकॉकस फीकॅलिस म्हणजे आजचा एंटेरोकॉकस फीकॅलिस होय.

वापर : उबवणी केंद्रात पिल्लांच्या खोक्यावर रंगीत द्रावणाचा फवारा मारतात. रंग दिसण्यासाठी नव्हे, टोचण्यासाठी असतो : लवेवर चमकणारे लाल-हिरवे थेंब पिल्ले एकमेकांच्या अंगावरून टिपतात, स्वतःची पिसेही चोचीने साफ करतात, आणि अर्ध्या तासात खोके कोरडे होते. खाद्यातून द्यायचे तर गोळी खाद्य तयार होतानाची उष्णता लॅक्टोबॅसिलसला सोसत नाही. तेथे बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू वापरतात. पाण्यातून देताना प्रथम क्लोरीन काढावे लागते, अन्यथा पाकिटातले जीवाणू टाकीतच मरतात. लसीकरणाच्या वेळी करतात तसे सायीविना दुधाची भुकटी पाण्यात मिसळणे हा त्यावरचा सोपा उपाय. प्रतिजैविक चालू असताना प्रोबायोटिक देणे बहुधा व्यर्थ जाते. वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यावर युरोपीय संघात २००६ पासून बंदी आहे, आणि भारतात खाद्यप्राण्यांसाठी कॉलिस्टिन हे प्रतिजैविक २०१९ मध्ये बंद झाले. प्रोबायोटिकांची मागणी या निर्बंधांबरोबर वाढली.

मुंबईच्या संदर्भात : परळचे पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना १८८६) व गोरेगावच्या आरे वसाहतीतील केंद्रीय कुक्कुट विकास संघटना या शहरातील संबंधित संस्था होत. शहराला लागणारा ब्रॉयलर, म्हणजे दुकानदाराच्या बोलीतला ‘बॉयलर’, बहुतांशी बाहेरच्या जिल्ह्यांतून रात्रीच्या टेम्पोने येतो. प्रयोगातील पिल्ले सहसा दुसऱ्या आठवड्यात तपासली जातात, तर दुकानातली कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असते. मध्यंतरी खाद्य तोडणे, प्रवास व गर्दी यांचा ताण पडतो, आणि अशा ताणात विष्ठेतून साल्मोनेला बाहेर पडण्याचे प्रमाण वाढते. दुकानात पिंजरे एकावर एक रचलेले असले की वरच्या कोंबडीची विष्ठा खालचीच्या पिसांवर पडते. पोट साफ करताना अंधांत्र फुटले, तर तोच सुरा व तोच ओंडका पुढच्या दहा कोंबड्यांना लागतो. रस्सा नीट उकळल्यास जीवाणू उरत नाहीत. घरातला धोका असतो तो कच्चे चिकन चिरलेल्या विळीवरच काकडी कोचवण्यात, आणि अर्धकच्च्या अंड्यात.