चंद्र गेला, तर आधी कळेल ते पाण्याला

मुंबईच्या किनाऱ्यावर वाढलेली जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितके वाजता पाणी पूर्ण भरतं. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला हाच हिशेब दुपारी नि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येऊन थांबतो. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण रीत पक्की आहे, कारण चंद्र रोज साधारण पाऊण तासाने उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागोमाग चालतं.

हा चंद्रच नाहीसा झाला तर काय होईल, या प्रश्नाला सहसा प्रलयाचं उत्तर मिळतं. महाकाय लाट उठेल, दिवस सहा तासांचा होईल, पृथ्वी सूर्यापासून भिरकावली जाईल. माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. ‘चंद्र कधी नसताच तर’ हा एक, आणि ‘चंद्र उद्या गेला तर’ हा दुसरा. दिवस खूप लहान असण्याची गोष्ट पहिल्या प्रश्नाची आहे. भरतीच्या पाण्याचं घर्षण पृथ्वीच्या फिरण्याला अब्जावधी वर्षं लगाम घालत आलं आहे. 1963 साली जीवाश्मांचे अभ्यासक जॉन वेल्स यांनी प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या वाढीच्या बारीक रेषा मोजल्या, तेव्हा सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी वर्षात 400 च्या आसपास दिवस असत असं दिसलं. वर्ष तेवढंच, दिवस मात्र 22 तासांचा. चंद्र उद्या गेला तर हा लगाम बराच सैल होईल, एवढंच. दिवस 24 तासांचाच राहील.

भिरकावलं जाण्याचीही भीती नको. पृथ्वी आणि चंद्र एका सामाईक मध्याभोवती फिरतात आणि तो मध्य पृथ्वीच्या पोटातच, केंद्रापासून सुमारे 4,670 किलोमीटरवर आहे. या फिरण्यातला पृथ्वीचा वेग ताशी 45 किलोमीटर. सूर्याभोवती ती सेकंदाला 30 किलोमीटर धावते. त्या धावेपुढे हा धक्का जाणवणारही नाही.

आता मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून पौर्णिमेचा चंद्र पाहतो आहोत आणि तो गेला, असं समजू. आपल्याला ते 1.3 सेकंदांनी दिसेल, कारण प्रकाशाला 3,84,400 किलोमीटर यायला तेवढा वेळ लागतो. गुरुत्वाकर्षणातला बदलही त्याच वेगाने येतो, म्हणजे पाण्याला खबर लागेल ती त्याच क्षणी. पण लाट उठणार नाही. खोल समुद्रात चंद्रामुळे येणारा फुगवटा जेमतेम अर्ध्या मीटरचा असतो. मुंबईसमोरचा समुद्रतळ रुंद आणि उथळ आहे, त्यावर चढताना पाणी उंचावतं, म्हणून इथल्या उधाणाचा आकडा कधीकधी पाच मीटरच्या जवळ जातो. चंद्र गेला की हे हेलकावे काही दिवसांत बसत जातील.

भरती-ओहोटी थांबणार मात्र नाही. सूर्यही पाणी ओढतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडं कमी. आज दोघे एका रेषेत आले की उधाण येतं, काटकोनात आले की भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती. एकटा सूर्य उरला तर मुंबईत पाणी मीटरभरच वरखाली होईल, म्हणजे भांगाहूनही कमी, आणि तेही रोज घड्याळाच्या त्याच वेळेला. पाऊणपटीचा हिशेब संपेल. उधाण हा शब्द उरेल, त्याचा अर्थ जाईल.

याचा पहिला फटका डोलीला बसेल. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधलेलं निमुळतं जाळं. ते ओढत नेत नाहीत. भरती-ओहोटीचा ओढा त्याचं तोंड उघडतो आणि बोंबील, जवळा, करंदी आत भरतो. ओढा मंदावला की जाळं लोंबतं. आजही भांगाच्या दिवसांत मासळी कमी लागते. चंद्राविना कायमच भांग. ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात चरतात, तो चिखलाचा पट्टा आक्रसेल. तिवरांच्या मुळांपर्यंत पोचणारं पाणी कमी होईल, खाडीतली घाण बाहेर नेणारं पाणीही.

एक गोष्ट मात्र शहराच्या बाजूची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मोठ्या भरतीला पावसाळी नाल्यांची मुखं पाण्याखाली जातात आणि पाणी शहरातच अडतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यात समुद्राला भरती होती. नुसत्या सूर्याच्या भरतीत हा अडसर बराच कमी असता.

रात्री काळ्या होतील. पौर्णिमेच्या चंद्रानंतर आकाशात सर्वांत तेजस्वी शुक्र, आणि तो हजारपटींहूनही मंद. संकष्टीला उपास सोडायला चंद्रोदयाची वेळ पाहणाऱ्या घरांत कॅलेंडरचा तो रकाना रिकामा राहील.

सगळ्यात मोठा बदल मात्र सगळ्यात सावकाश येईल. पृथ्वीचा अक्ष आज 23.4 अंशांनी कललेला आहे. 41,000 वर्षांच्या फेऱ्यात हा कल 22.1 ते 24.5 अंशांत झुलतो, त्यापलीकडे जात नाही, आणि याला चंद्राचा मोठा आधार आहे. 1993 मध्ये खगोलशास्त्रज्ञ झाक लास्कार आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं की चंद्राविना हा कल शून्यापासून 85 अंशांपर्यंत कुठेही भरकटू शकतो. 2012 च्या गणितांनी ते चित्र सौम्य केलं: कोट्यवधी वर्षांत कल बदलेल, पण इतका बेभान नाही. मला हे दुसरं उत्तर अधिक पटतं. तरी थोडा बदलही कमी नाही. मुंबई 19 अंश उत्तरेला आहे, म्हणून मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. कल 19 अंशांखाली उतरला तर तो दिवस मुंबईत कधीच येणार नाही. उत्तरेकडची जमीन उन्हाळ्यात आजच्याइतकी तापणार नाही, आणि समुद्रावरून मोसमी वारे ओढून आणते ती हीच तापलेली जमीन.