चिखल वाळला तरी गंज थांबत नाही

मोटरसायकल धुताना हात आधी टाकीवर जातो, कारण मळ तिथे दिसतो. नुकसान मात्र जिथे नजर पोचत नाही तिथे होत असतं: मडगार्डच्या आतून, स्टँडच्या सांध्यात, चेनच्या मागे, स्पोक रिममध्ये शिरतात त्या जागी.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. त्यामुळे चिखलाने झाकलेला पत्रा उलट सुरक्षित राहील असं वाटू शकतं, कारण तिथे हवा कमी पोचते. घडतं उलटंच. ओल्या चिखलाखाली ऑक्सिजन कमी आणि शेजारच्या उघड्या, ओलसर भागावर जास्त, एवढ्या फरकावर एकाच पत्र्यात छोटा विद्युतघट तयार होतो. चिखलाखालचं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागतं. ते इलेक्ट्रॉन धातूतून उघड्या भागाकडे जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. म्हणजे हवा मिळते एका जागी आणि पोखरली जाते दुसरी. वरून कोरडा दिसणारा थर आतून कितीतरी वेळ ओला असतो, म्हणून पाऊस थांबल्यावरही हे चालूच राहतं. पावसाळ्यात गाडी रोज चमकवण्याची गरज नाही. पण मडगार्डच्या आत आणि इंजिनच्या खाली साध्या पाण्याचा पाइप रोज फिरवायला हवा.

मीठ असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. समुद्रकाठची हवा असो किंवा बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ, दोन्हींतले क्लोराइड आयन पाण्याची विद्युतवाहकता वाढवतात आणि अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक पापुद्राही भेदतात. रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकलेलं असेल तर ते हवेतलीच ओल शोषून घेतं, त्यामुळे तो थर नीट वाळतच नाही. अशा प्रवासानंतर त्याच दिवशी भरपूर थंड पाणी मारावं. साधं मीठ १०० मिलिलिटर थंड पाण्यातही सुमारे ३५ ग्रॅम विरघळतं. गरम पाण्याने फारसा फायदा होत नाही, उलट तापलेल्या धातूवर गंजण्याची क्रिया वेग घेते.

कोरड्या हवेत शत्रू वेगळा. धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूतल्या कठीण खनिजाचे, कण असतात. खनिजांची कठीणता १ ते १० अशी मोजणाऱ्या मोह्‌सच्या मोजपट्टीवर त्यांची कठीणता ७, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी जास्त. टाकीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे त्या थराला पॉलिश पेपर लावणं. उन्हात तापलेल्या रंगावर पक्ष्याची विष्ठा पडली तर थर आधी मऊ होतो आणि थंड होताना त्या वाळलेल्या डागाभोवती आकसतो. मग डाग निघाला तरी ठसा राहतो. तिथे ओलं कापड पाचदहा मिनिटं ठेवावं आणि डाग न घासता उचलून घ्यावा.

पूर्ण धुण्याआधी इंजिन अर्धा तास थंड होऊ द्यावं, सायलेन्सरचं तोंड बुचाने बंद करावं आणि सुरुवात चेनपासून करावी, कारण तिचा काळा चिकट मळ चाकावर उडतोच. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. पेट्रोल नको: ते चटकन पेट घेतं आणि चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब करतं. तारेच्या ब्रशने त्याच रिंग कापल्या जातात आणि आतलं ग्रीस निघून जातं. चाक हाताने फिरवावं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसणं म्हणजे बोटं गमावण्याची तयारी. यात कुठलीही सवलत नाही.

मग चिखल पाण्याने भिजवून पाच मिनिटं थांबावं. दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूच्या पाण्याची आणि दुसरी कापड खळबळायची, म्हणजे निघालेली वाळू परत रंगावर जात नाही. वरून खाली यावं. चाकांसाठी कापड वेगळं. भांड्यांचा साबण वॅक्स उतरवतो आणि कपड्यांची पावडर अल्कधर्मी असल्याने उघडं अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं.

प्रेशर वॉशरबद्दल विशेष सावध राहावं. घरगुती यंत्राचा दाबही १०० बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे शंभरपटीच्या, पुढे जातो. बेअरिंगचे सील ग्रीस आत ठेवायला आणि शिंतोडे अडवायला बनवलेले असतात, असा झोत अडवायला नव्हे. पाणी आत शिरलं की ग्रीस दुधाळ होतं, गोळ्यांवर खड्डे पडतात आणि काही महिन्यांनी हँडल मधोमध अडखळू लागतं. झोत किमान अर्धा मीटर दूर ठेवावा. चाकाच्या आसाकडे, हँडलच्या मुळाशी, रेडिएटरच्या पात्यांवर आणि वायरिंगच्या जोडांवर तो धरूच नये. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्या मात्र धुवायला वेळ नसला तरी ओल्या कापडाने पुसाव्यात. त्यांच्यावर वाळलेला चिखल प्रत्येक खड्ड्यासरशी ऑइल सीलला घासतो आणि गळती तिथूनच सुरू होते.

वाळवणं बहुतेक जण उन्हावर सोडतात. जड पाणी उन्हात उडून गेलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके मागे राहतात. म्हणून सावलीत, मायक्रोफायबर कापडाने पुसावं. सायलेन्सरचं बूच काढून दहा मिनिटं हळू चालवावी: सुरुवातीला ब्रेक ओले असतात, ते हलके दाबून सुकवावेत. परतल्यावर चेन कोमट असते. तेव्हाच खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने ९० ग्रेडचं गिअर ऑइल थेंबथेंब सोडावं, म्हणजे फिरताना ते बाहेर फेकलं जाण्याआधी रोलरमधून जातं. जास्तीचं पुसून रात्रभर राहू द्यावं.

वॅक्स रंगावर आणि क्रोमवर लावावं. मॅट रंगावर, सीटवर, टायरवर आणि ब्रेक डिस्कवर अजिबात नाही. डिस्कला तेल लागलंच तर ब्रेक क्लीनरने पुसावी. पॅडने तेल शोषलं असेल तर पॅड बदलावेत. गाडी पूर्ण वाळल्याशिवाय कव्हर घालू नये, आणि कव्हर हवा खेळणाऱ्या कापडाचं असावं, कारण बंद प्लॅस्टिकखाली दिवसाची वाफ रात्री थेंब होऊन पुन्हा धातूवरच बसते.